आघात, स्मृती आणि मेंदू : इर्शाळवाडीच्या निमित्ताने

पनवेलहून कर्जतकडे जाताना इर्शाळगडाचा सुळका दृष्टीस पडतो. त्याच्या उतारावर, खालापूर तालुक्यात, ठाकर समाजाची इर्शाळवाडी वसलेली होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात तिच्यावर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती आले. ५७ जणांचा शोध लागला नाही. २३ जुलैस शोधकार्य थांबविण्यात आले. वाचलेल्यांना चौकनजीक तात्पुरत्या निवाऱ्यांत हलविण्यात आले. परंतु पाऊस दरवर्षी येतोच. अशा प्रसंगातून वाचलेल्या माणसास पुढील पावसाळ्यातील पत्र्यावरचा आवाजही त्या रात्रीत परत नेऊ शकतो. हे का घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संकटाची चाहूल लागताच मेंदूतील अमिग्डला हे बदामाच्या आकाराचे केंद्र उत्तेजित होते. अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल स्रवतात, हृदयाची गती वाढते आणि शरीर पळण्यास वा झुंजण्यास सिद्ध होते. ही विकृती नव्हे. जीवरक्षणाची ती जुनी योजना आहे. मात्र याच अवस्थेत भीतीची स्मृती खोल ठसते. घटनेला स्थळकाळाची चौकट देण्याचे हिप्पोकॅम्पसचे कार्य विस्कळीत होते, असे अनेक संशोधक मानतात. परिणामी आवाज, वास, अंधार यांचे सुटे ठसे उरतात. ‘ते तेव्हा घडले, आता नाही’ ही जाणीव त्यांना चिकटत नाही. भीतीला आवर घालणारा ललाटखंडाचा पुढील भागही अशा वेळी दुबळा पडतो.

१९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात या अवस्थेस आघातोत्तर ताणविकृती म्हणून स्थान मिळाले. रुग्णांत हिप्पोकॅम्पसचे आकारमान कमी आढळते. पण तो आघाताचाच परिणाम, असे म्हणणे घाईचे ठरेल. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जुळ्या भावांच्या अभ्यासात, युद्धावर न गेलेल्या भावातही तो लहान आढळला. म्हणजे काही अंशी ती पूर्वप्रवृत्ती असू शकते. शिवाय आघात सोसलेल्या बहुसंख्य व्यक्तींना ही विकृती जडत नाही, हेही विसरता कामा नये.

मग बरे होणे म्हणजे काय? जुनी भीती पुसली जात नाही. तिच्यावर सुरक्षिततेचे नवे शिक्षण चढते. म्हणूनच प्रशिक्षित उपचारकाच्या साहाय्याने, सुरक्षित वातावरणात, क्रमाक्रमाने त्या स्मृतीस सामोरे जाण्याच्या पद्धती गुणकारी ठरतात. नवे शिक्षण जुन्याहून नाजूक असल्यामुळे भीती अधूनमधून परतते. त्यास पराभव समजू नये. आणि ज्याच्या डोक्यावर भरवशाचे छप्पर नाही, त्याच्या मेंदूस सुरक्षितता शिकविणार कशी? पक्के घर, शेजार, रोजगार आणि अंत्यविधीची संधी हे उपचाराच्या बाहेरचे विषय नव्हेत. ज्यांचे आप्त मातीखालीच राहिले, त्यांचा शोक तर अधिकच अवघड असतो.

येथे अभ्यासकांसही एक इशारा आहे. आपत्तीनंतर लगेच एकाच बैठकीत सर्व हकीकत वदवून घेण्याची पद्धत एके काळी प्रचलित होती. पुढील चाचण्यांत तिचा लाभ दिसला नाही, काहींच्या बाबतीत अपायाची शक्यता दिसली. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेतही ऐकण्यावर भर आहे, बोलते करण्यावर नाही. प्रश्नावली घेऊन वस्तीत जाणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून प्रथम स्वतःस विचारावे : उत्तर देताना या माणसाची झोप उडाली, तर उद्या त्याच्याजवळ कोण असेल? त्याची सोय झाल्यावाचून पहिला प्रश्न विचारू नये.