मागितलेच नाही, तर मिळणार कसे?

आषाढात आमच्या रिहे खोऱ्यात भाताची लावणी चालू असते. घरातली सारी माणसे चिखलात उतरलेली असतात आणि साधारण त्याच दिवसांत अभियांत्रिकी प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरायचा असतो. मुदत मोजक्या दिवसांची. मुलाने मेहनत केलेली असते, पण "एवढ्यावर कुठे नंबर लागेल?" या प्रश्नाचे उत्तर वाडीत कोणापाशी नसते. मग एखादा जाणता म्हणतो, "पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय, ही आपली कामे नव्हेत." एखादा एजंट म्हणतो, "पैशाची सोय करा, काम नक्की." पालकहो, ही दोन्ही वाक्ये सारखीच घातक आहेत. प्रवेशाची शक्यता कागद-पेन्सिल घेऊन मोजता येते, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

हे शहाणपण आम्हाला उशिरा आले. गोष्ट २०२३ सालची. आमच्या पुतणीला सीईटीत ९६ च्या वर पर्सेंटाइल मिळाले. आम्ही बी.कॉम., कचेरीत दिवसभर रकान्यांच्या बेरजा करणारे, म्हणून थोरल्या बंधूंनी फॉर्मचे काम आमच्यावर सोपवले. आम्ही मोठ्या महाविद्यालयाची कट-ऑफ यादी उघडली, पहिल्याच रकान्यात ९९ च्या पुढचा आकडा पाहिला आणि यादी मिटली. जवळची पाच महाविद्यालये भरून मोकळे झालो. पुढे एका कार्यकर्त्या मित्राने तीच यादी समोर ठेवून दाखवले की आम्ही खुल्या गटाचा रकाना वाचला होता. आमच्या गटाच्या रकान्यात एका शाखेची शेवटची जागा पोरीपेक्षा कमी पर्सेंटाइलवर भरली होती. पोर रडली नाही, रागावली नाही. एवढेच म्हणाली, "तात्या, मिळालं नसतं तर चाललं असतं. पण आपण मागितलंच नाही."

आज ती दुसऱ्या महाविद्यालयात नेटाने शिकते आहे. परंतु ते वाक्य आमच्या मनातून जात नाही. म्हणून आमची चूक इतरांच्या उपयोगी पडावी.

पहिली गोष्ट, पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले ९९ जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे. २०२४ साली गणिताच्या गटातून सुमारे २ लाख ९५ हजार मुलांनी ही परीक्षा दिली. त्या हिशेबाने ९९ ला पुढे सुमारे ३ हजार मुले, ९५ ला सुमारे १५ हजार आणि ९० ला सुमारे ३० हजार. असा आकडा काढला की स्वप्न आणि भीती, दोन्ही जमिनीवर येतात.

दुसरी गोष्ट, आपला रकाना ओळखावा. सीईटी कक्षाच्या यादीत रकान्याच्या नावात 'जी' असेल तर ती सर्वसाधारण जागा, 'एल' असेल तर मुलींची. मधली अक्षरे गट सांगतात. शेवटी 'एच' असेल तर गृह विद्यापीठाची जागा, 'ओ' असेल तर बाहेरच्या विद्यापीठाच्या मुलांची, आणि 'एस' असेल तर राज्यस्तरीय. आपल्या गटाचा रकाना तर पाहावाच, पण खुलाही पाहावा. खुल्या जागा गुणवत्तेवर सर्वांच्याच असतात.

तिसरी गोष्ट, एका वर्षाच्या आकड्यावर विसंबू नये. ६० जागांच्या शाखेत अनुसूचित जातींच्या १३ टक्क्यांनी सुमारे ८ जागा येतात, आणि त्यातल्या मुलींच्या ३० टक्क्यांनी दोन-तीन. दोन-तीन जागांचा आकडा एखाद्या मुलीने दुसरीकडे प्रवेश घेतला तरी खाली-वर होतो. म्हणून तीन वर्षांच्या, आणि तेही शेवटच्या फेरीच्या याद्या पाहाव्यात. मग तीन गट करावेत: आपल्यापेक्षा वरचे, बरोबरीचे आणि खात्रीचे. तिन्ही गटांतली नावे फॉर्मात हवीत.

फॉर्म भरताना क्रम आवडीचा ठेवावा, भीतीचा नव्हे. वरचे महाविद्यालय पहिले लिहिल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. तिथे नंबर लागला नाही तर यंत्रणा पुढचे नाव पाहते. मात्र २०२५-२६ च्या प्रवेशात, पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर ती जागा घेणे बंधनकारक होते. तेव्हा मनापासून हवे तेच पहिले लिहावे, आणि नियम दरवर्षी नव्याने वाचावेत.

आयआयटीचा हिशेब वेगळा. २०२४ साली जेईई अॅडव्हान्स्डचे दोन्ही पेपर १ लाख ८० हजार मुलांनी दिले, ४८ हजारांहून थोडी अधिक पात्र ठरली आणि जागा होत्या १७,७४०. पात्र ठरणे म्हणजे प्रवेश नव्हे. तिथल्या यादीत राखीव गटाचे क्रमांक हे त्या गटातले क्रमांक असतात. आपला सर्वसाधारण क्रमांक त्यांच्याशी ताडून पाहिला की फसगत होते. कोणी उगाच निराश होऊन घरी बसतो.

आणि कागदपत्रे! गुण असून कागदासाठी जागा जाणे, याहून मोठे दुःख नाही. जातवैधता प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला शोधण्यात महिने जातात. म्हणून हा अर्ज अकरावीतच करावा. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. पण आयआयटीसारख्या केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातलाच दाखला लागतो, हे विसरू नये.

आमच्या मुळशी तालुक्यातच हिंजवडीच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. तिथे आपली माणसे पहारा देतात, साफसफाई करतात. कामात कमीपणा नाही. पण त्याच इमारतीत संगणकासमोर बसण्याची ज्या मुलीची लायकी आहे, तिची वाट आम्हा वडीलधाऱ्यांच्या आळसाने अडू नये.

सुशिक्षित बंधू-भगिनींना आमची एकच विनंती. फॉर्मच्या दिवसांत कचेरीतून दोन दिवस रजा काढा, विहारात एक टेबल मांडा, आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाची यादी त्याच्या शेजारी बसून वाचा. नंबर लागेल की नाही हे यादी ठरवील. मागायचे की नाही, हे मात्र आपण ठरवायचे आहे.