तिसरीचा पत्ता

सकाळी 8.30. नसांच्या तपासणीची खोली. आधी एसी बंद. हातपाय गार असले तर धडधाकट नसही मंद दिसते. कातडी साधारण 32 अंशांच्या वर हवी. मोजपट्टी, पेन, जेल, स्पिरिटचा कापूस टेबलावर मांडते.

9.00. शिलाईकाम करणाऱ्या मावशी. रात्री बोटांना मुंग्या येतात.
‘करंट बसेल का गं?’
‘टिचकी मारल्यासारखं वाटेल, मावशी.’
मनगटावर टिचकी दिली की अंगठा उडतो. ही प्रेरक चेतापेशी: बसलेली मानेतल्या मज्जारज्जूत, धागा थेट तळहातापर्यंत. तिचं उत्तर मिलिव्होल्टमध्ये येतं. मग बोटात कड्या घालून संवेदी चेतापेशी ऐकते. ती मज्जारज्जूच्या बाहेर, मणक्याजवळच्या गाठीत राहते; एक फांदी बोटाकडे, दुसरी आत. तिचा आवाज काही मायक्रोव्होल्टच, म्हणून मी खोलीतलं बोलणंही थांबवते. मावशींची संवेदी नस मनगटापाशी रेंगाळते, प्रेरक अजून ठीक आहे. नस मानेत नाही, मनगटात दबलीय.

10.30. मधुमेहाचे काका. पोटरीमागच्या संवेदी नसेतून रेघ उमटतच नाही. सर्वांत लांब धागे आधी झिजतात, म्हणून सुरुवात पावलांपासून होते. पायावरून स्पिरिटचा कापूस फिरवला, तरी काकांना कळलं नाही.

11.30. वॉर्डातून स्ट्रेचर. विशीतला मुलगा, आठवड्यापूर्वी जुलाब, आता पाय उचलत नाहीत. 2025च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूने जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोमचे) रुग्ण येऊ लागले, तेव्हापासून असं वर्णन ऐकलं की हात आपोआप भराभर चालतात. घोट्यावर दिलेला करंट उलटा मज्जारज्जूतल्या प्रेरक पेशीपर्यंत चढतो आणि परततो. निरोगी माणसात ही फेरी साधारण 50 मिलिसेकंदांची. दहा वेळा दिला, एकदाही परतला नाही. खालच्या धाग्यांचा वेगही निम्म्यावर आलाय. बहुतेकदा चेतापेशी शाबूत असते; शरीराचं संरक्षणदल तिच्या भोवतीच्या मायलिनच्या वेष्टनावर तुटून पडलेलं असतं. ते वेष्टन पुन्हा चढू शकतं. मुलाच्या आईला मी एवढंच सांगितलं, ‘डॉक्टर आत्ता येताहेत,’ आणि रिपोर्ट टाइप होण्याआधीच फोन केला.

3.00. सुईची तपासणी. हात वाळत चाललेले एक गृहस्थ. संवेदी नसा उत्तम, स्नायू मात्र विश्रांतीतही फडफडताहेत. प्रेरक पेशीच मरताहेत, अशी शंका. संवेदी रेघा इतक्या सुंदर आल्या की मला वाईट वाटलं. निदान डॉक्टर सांगतील. मी त्यांच्या शर्टाची बटणं लावून दिली.

4.15. शिकाऊ मुलगी विचारते, ‘ताई, पुस्तकातली तिसरी, सहयोगी चेतापेशी, कुठे दिसते?’
गुडघ्यामागे हलका करंट दिला. निरोप संवेदी पेशीतून आत गेला, थेट प्रेरक पेशीला भेटला, पोटरी उडाली. मध्ये तिसरी नाहीच. पण त्याच क्षणी नडगीपुढच्या स्नायूला ‘तू सैल राहा’ असं सांगणारी तिसरीच असते. ती नसती तर दोन्ही स्नायू एकमेकांना ओढत राहिले असते. मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी, त्यांतल्या बहुतेक याच जातीच्या. ऐकणं, ठरवणं, आठवणं त्यांचं. माझ्या पडद्यावर त्यांची स्वतंत्र रेघ नाही.
मुलीने स्वतःच्या नडगीवर बोटं ठेवली, टाच उचलली, पुन्हा उचलली.

5.30. शेवटच्या आजोबांच्या पायावरच्या पेनच्या खुणा स्पिरिटने पुसते.
‘गार लागतंय गं,’ ते म्हणतात.