नियम, अपवाद आणि इंग्रजी स्वर

आजचा विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी इंग्रजी उच्चारांत का पडावे? कारण यात एक जुना तात्त्विक प्रश्न लपलेला आहे. ज्या नियमाला अपवाद आहेत, त्याला नियम म्हणावे का?

१९७५ च्या 'चुपके चुपके' चित्रपटात ड्रायव्हरचे सोंग घेतलेला धर्मेंद्र मोठ्या भाबडेपणाने शंका काढतो. टी-ओ 'टू' होतो, डी-ओ 'डू' होतो, मग जी-ओ त्याच चालीवर का जात नाही? आपण हसतो. पण हाच प्रश्न चौथी-पाचवीतल्या मुलाच्या मनात येतो तेव्हा त्याला उत्तर मिळतं, 'इंग्रजीत असंच असतं, पाठ कर.' म्हणजे काय, तर नियमच नाहीत. मुलगा यातून दोन निष्कर्ष काढतो. पहिला, इंग्रजी ही लहरी भाषा आहे. दुसरा निष्कर्ष वाईट. इतरांना जमतं आणि आपल्याला जमत नाही, म्हणजे आपल्याच डोक्यात काही कमी आहे. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे हा दुसरा निष्कर्ष किती लहान वयात काढला जात असेल, बघा.

तेव्हा दोन गोष्टी तपासू. इंग्रजी स्वरांना नियम आहेत का? आणि असतील तर ते कोणत्या जातीचे आहेत?

आधी हिशेब मांडू. इंग्रजीत स्वरांची अक्षरे पाच, ए, ई, आय, ओ, यू. मदतीला कधी वाय. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण बोलीत स्वरांचे आवाज मात्र सुमारे २०. पाच भांड्यांत वीस पदार्थ ठेवायचे, तर एकेका भांड्यात सरासरी चार पदार्थ जाणारच. म्हणून इंग्रजीत स्वर कसा वाचायचा हे नुसत्या त्या अक्षरावरून ठरत नाही, शेजारच्या अक्षरांवरून ठरते. सगळ्या नियमांचे मूळ इथे आहे.

मुख्य नियम सोपा आहे. एकच स्वर आणि त्यानंतर व्यंजनाने शब्द संपला, की स्वर आखूड: मॅट, पेट, पिन, नॉट, कट. त्याच शब्दाला शेवटी न उच्चारला जाणारा ई जोडला, की स्वर स्वतःचे नाव सांगतो. एम-ए-टी 'मॅट', पण एम-ए-टी-ई 'मेट'. पी-आय-एन 'पिन', पण पी-आय-एन-ई 'पाइन'. 'नॉट'चा 'नोट' होतो, 'कट'चा 'क्यूट' होतो. शेवटचा ई स्वतः गप्प राहतो आणि मागच्या स्वराला बोलायला लावतो. याच नियमाचा पुढचा भाग म्हणजे व्यंजन दुप्पट करणे. एका एनने 'डायनर', दोन एनने 'डिनर'. एका पीने 'होपिंग', दोन पीने 'हॉपिंग'. दुसरे व्यंजन मध्ये भिंतीसारखे उभे राहते आणि स्वर आखूडच राहतो. एवढा एक नियम समजला की शेकडो शब्द वाचता येतात.

आता 'स्वर स्वतःचे नाव सांगतो' हा प्रकार आला कुठून? सुमारे सहाशे वर्षांपूर्वी इंग्रजीतले दीर्घ स्वर साधारण आपल्यासारखेच होते. एन-ए-एम-ई या शब्दाचा उच्चार 'नामअ' असा होई. आपलं संस्कृत 'नाम' आणि हा शब्द एकाच मूळ कुळातले आहेत. आजचा 'माउस' तेव्हा 'मूस' होता. आपला मूषक आठवला ना? तोही त्याच कुळातला. पुढे साधारण १४०० ते १७०० या तीन शतकांत इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर जागचे हलले. 'आ'चा हळूहळू 'ए' झाला, 'ए'चा 'ई', 'ई'चा 'आय', 'ओ'चा 'ऊ', 'ऊ'चा 'आउ'. ऑटो येस्पर्सन या डॅनिश अभ्यासकाने १९०९ च्या आपल्या ग्रंथात या घटनेला महास्वरांतर म्हणता येईल असे नाव दिले. आखूड स्वर मात्र बरेचसे जागेवर राहिले. म्हणून एकाच अक्षराचे आखूड आणि दीर्घ आवाज आज सख्खे भाऊ वाटत नाहीत.

याच काळात, १४७६ साली, विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला. छापील शब्दाला स्थैर्य येत गेले आणि तोंडातला शब्द पुढे सरकत राहिला. म्हणून इंग्रजी स्पेलिंग हा बऱ्याच अंशी जुन्या उच्चाराचा फोटो आहे. माणसाचे वय वाढले, फोटो तोच.

आपल्या मुलांची एक खास अडचण इथेच आहे, आणि तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. रोमन लिपीत आपण आपली नावे लिहितो ती युरोप खंडातल्या जुन्या स्वरमूल्यांनी. ए म्हणजे 'आ', आय म्हणजे 'ई', यू म्हणजे 'उ'. एम-आय-आर-ए 'मीरा'. इंग्रज पूर्वी आपल्या शहराला 'पूना' म्हणत आणि दोन ओ घालून लिहीत, ते त्यांच्या नियमाला धरून होते. आज आपण पी-यू-एन-ई लिहितो. इंग्रजी नियमाने हे वाचले तर शेवटचा ई गप्प आणि यू स्वतःचे नाव सांगणार, म्हणजे 'प्यून'! नवखा परदेशी माणूस असं वाचतो तेव्हा तो चुकत नसतो, स्वतःचा नियम पाळत असतो. आपल्या मुलाला मात्र एकाच लिपीत दोन स्वरव्यवस्था सांभाळायच्या असतात, एक स्वतःच्या नावासाठी आणि एक इंग्रजीसाठी. या दोन आहेत एवढं सांगितलं तरी त्याचा निम्मा गोंधळ कमी होईल.

आता अपवादांकडे येऊ. पहिल्यांदा धर्मेंद्रची शंका. 'टू' आणि 'डू' या शब्दांत जुन्या काळी दीर्घ 'ओ' होता. स्वर हलले तेव्हा नियमाप्रमाणे त्याचा 'ऊ' झाला. 'गो'मध्ये मुळात दीर्घ 'आ' होता, तो वेगळ्या वाटेने आजच्या 'ओ'पर्यंत पोहोचला. तीन शब्द एका फलाटावर उभे दिसतात, पण ते वेगवेगळ्या गाड्यांनी आलेले आहेत.

दुसरी प्रसिद्ध जोडी 'पुट' आणि 'बट'. पूर्वी दोन्हींत 'उ'च होता. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये हा आखूड 'उ' बहुतेक शब्दांत 'अ'कडे सरकला: कट, कप, सन, बट. पुट, पुल, फुल, बुल, पुश, बुश हे मागे राहिले. यांची सुरुवात बघा, प, फ, ब. ओठांनी उच्चारायच्या या व्यंजनांनी 'उ'ला बऱ्याच शब्दांत धरून ठेवले. सगळ्याच नाही, 'बट' निसटलाच. पण उत्तर इंग्लंडमध्ये हा बदल झालाच नाही, तिथे आजही 'बट' आपल्याला 'बुट'सारखा ऐकू येतो. म्हणजे 'बुट' वाचणारा आपला मुलगा तिकडच्या एखाद्या गावी सहज खपून जाईल!

तिसरे कुटुंब डब्ल्यूचे. डब्ल्यूनंतर ए आला की बहुधा 'ऑ' होतो: वॉच, वॉन्ट, वॉश, स्वॉन. पण पुढे क किंवा ग चा आवाज आला की हा परिणाम थांबतो: वॅक्स, वॅग. म्हणजे अपवादालाही अपवाद आहे, आणि त्यालाही शिस्त आहे. डब्ल्यूनंतर ए-आर आला तर 'वॉर', 'वॉर्म'. ओ-आर आला तर 'वर्ड', 'वर्क', 'वर्म'. 'वॉर्म' म्हणजे ऊबदार आणि 'वर्म' म्हणजे किडा. आपल्याकडे यांची अदलाबदल फार होते, कारण ओ पाहिला की आपण 'ऑ' म्हणतो.

दोन ओंचे कुटुंब असेच. 'मून', 'फूड' यांत स्वर दीर्घ राहिला. 'ब्लड', 'फ्लड' फार लवकर आखूड झाले, म्हणून तेही 'कट'बरोबर 'अ'कडे गेले. 'गुड', 'बुक', 'लुक' नंतर आखूड झाले, तोवर ती गाडी सुटली होती. आणि 'गिव्ह', 'हॅव्ह'? इंग्रजीत व्हीने शब्द संपवण्याची रीत नाही, म्हणून तिथे ई आधाराला उभा केला. तो ई मागच्या स्वराला लांबवण्यासाठी आलेलाच नाही.

इंग्रजीची थट्टा करणारे नेहमी एक उदाहरण देतात. जी-एच-ओ-टी-आय याचा उच्चार 'फिश' होऊ शकतो! 'इनफ'मधला जी-एच, 'विमेन'मधला ओ, 'नेशन'मधला टी-आय. हा विनोद बर्नार्ड शॉ यांच्या नावावर खपतो, पण तो त्यांच्या जन्माआधीपासूनचा आहे. गंमत अशी, की तो उलटंच सिद्ध करतो. जी-एच शब्दाच्या सुरुवातीला कधी 'फ' होत नाही. टी-आय शब्दाच्या शेवटी कधी 'श' होत नाही. कोणताही इंग्रज हा शब्द 'फिश' वाचणार नाही. का? कारण नियम आहेत.

मग हे नियम कोणत्या जातीचे? गणितातल्या विधानाला एक विरोधी उदाहरण मिळालं की विधान कोसळतं. भाषेचा नियम तसा नसतो, हे आपल्या परंपरेला नीट ठाऊक होते. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे ४००० सूत्रे आहेत आणि त्यांची रचना उत्सर्ग आणि अपवाद या जोडीवर उभी आहे. उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम, अपवाद म्हणजे विशेष नियम. अपवाद आपल्यापुरती जागा घेतो, उरलेले सगळे क्षेत्र उत्सर्गाचे. अपवादाने उत्सर्ग खोटा पडत नाही, त्याची हद्द ठरते. आणि मुख्य म्हणजे अपवाद हाही नियमच असतो, छोट्या मुलखाचा.

मराठीकडेच बघा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगण्याची आज्ञा. लिहायला एक, उच्चाराला दोन 'ज'. 'चार'मधला च वेगळा, गुरांच्या 'चारा'मधला वेगळा. 'कमल'च्या शेवटचा अ आपण उच्चारत नाही, 'शब्द'च्या शेवटचा उच्चारतो. मराठी शिकणाऱ्या परभाषिकाला विचारा, तो म्हणेल, तुमच्या भाषेला नियमच नाहीत. आपण हसून म्हणू, कानाने ऐकत राहा, जमेल. हेच औदार्य आपण आपल्या मुलांना इंग्रजीच्या तासाला का दाखवत नाही?

समजा एका मुलाने वर्गात जी-आय-व्ही-ई हा शब्द 'गाइव्ह' असा वाचला. वर्ग हसला. या मुलाने काय केलं, याचा विचार करू. 'फाइव्ह', 'ड्राइव्ह' त्याने पाहिले, त्यांतून नियम काढला आणि न ऐकलेल्या शब्दाला लावला. यालाच आपण तर्कशास्त्रात अनुमान म्हणतो. त्याची बुद्धी अचूक चालली आहे, माहिती एका शब्दाने कमी पडली आहे. 'चूक' म्हणून त्याला खाली बसवले, तर पुढच्या वेळी तो अनुमान करणार नाही, गप्प बसेल. 'तू नियम बरोबर लावलास, हा शब्द अपवाद आहे' असे म्हटले, तर त्याला नियमही मिळतो आणि अपवादही. वाक्य एवढंसंच, पण मुलगा पुन्हा तोंड उघडणार की नाही, हे त्यावर ठरतं.

शेवटी एक दिलाशाची गोष्ट. इंग्रजी बोलण्यात सर्वांत जास्त येणारा स्वर कोणता? आपला 'अ', तोही अगदी पुसट. ज्या अवयवावर जोर नाही तिथला स्वर, अक्षर कोणतेही असो, बहुधा 'अ'कडे झुकतो. 'फोटग्राफ' म्हणताना जोर पहिल्या अवयवावर. 'फटॉग्रफी' म्हणताना जोर दुसऱ्यावर गेला, लगेच पहिला ओ 'अ' झाला. 'फोटग्रॅफिक'मध्ये जोर 'ग्रॅ'वर. म्हणून नवा शब्द शिकताना शब्दकोशात आधी जोराची खूण पाहावी. तो 'अ' तर आपण जन्मल्यापासून म्हणत आहोत. 'ॲ' आणि 'ऑ' हे आवाज इंग्रजी शब्दांबरोबर आले, तर आपल्या लिपीने त्यांच्यासाठी चिन्हे केली. मराठी जीभ या कामाला कमी नाही.

तेव्हा शिकवण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम मुख्य नियम. मग अपवाद सुटे न देता कुटुंबाने द्यावेत, डब्ल्यूचे, दोन ओंचे, 'पुट'चे. उरलेले एकांडे शब्द पाठ करावेत. त्यांतले बहुतेक रोजच्या वापरातले असतात, म्हणून ते कानावर पडून आपोआपच रुळतात. रोज लागणारे शब्द लोक ऐकून उचलतात, नियमाने जुळवत बसत नाहीत, म्हणून तर त्यांच्या वेडेवाकड्या रूपांना कुणी सरळ केले नाही. आणि मुलाने चुकीचे वाचले, की त्याने कोणता नियम लावला ते आधी त्यालाच विचारावे. बहुतेक वेळा त्याच्याजवळ उत्तर असते.

इथे थांबू. शंका असतील त्या जरूर विचारा.