माळ घातली, आता मीटिंगला जा



आज जरा वेगळा विषय घेतो. इथं बसलेल्या कितीजणींच्या काळजात दिवेलागणीला धस्स होतं, ते मी सांगायला नको. आम्ही कीर्तनकार सांगतो, दारू सोडा, माळ घाला. पण सोडायची कशी? ते मीही तीस वर्षं सांगितलं नाही.

आमच्या दिंडीत एक टाळकरी होता. नाव सांगणार नाही. का, ते पुढं कळेल. गळा गोड, पण दारूनं पुरता वेढलेला. त्याची आई त्याला घेऊन आली. एकादशीला मी माळ घातली, म्हटलं, "जा, सुटली तुझी." चार महिने राहिला आणि एका लग्नात घसरला. माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली, देवळात यायचा बंद झाला. आणि मी काय केलं? भर सप्ताहात, नाव न घेता, त्याच्यावर बोललो. लोक हसले. तो मंडपाच्या मागं उभा होता, हे मला नंतर कळलं. त्या रात्री तो इतका प्याला की दवाखान्यात न्यावं लागलं. ते पाप माझं, माऊली.

तिथले डॉक्टर म्हणाले, "महाराज, हा आजार आहे." मधुमेह झालेल्याला आपण म्हणतो का, तुझी भक्ती कमी पडली म्हणून साखर वाढली? माळही घालतो आणि गोळीही घेतो. मग इथंच का रागावतो?

त्यांनी 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चं नाव सांगितलं. लोक नुसतं 'एए' म्हणतात. 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी दोन पिणारे भेटले. एक शेअरबाजारातला, दुसरा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. त्यांना उमगलं, एका पिणाऱ्यानं दुसऱ्याजवळ मन मोकळं केलं की दोघांचाही तो दिवस निभावतो. आपण याला काय म्हणतो? सत्संग!

आता मीटिंग शोधायची कशी, ते ऐका. 14446 हा सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन आहे, पैसे पडत नाहीत. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. एएच्या संकेतस्थळावर गाव, वार, वेळ मिळते. नातवाला सांगा, तो मोबाईलवर काढून देईल. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथंही वाट दाखवतात. मीटिंग कधी शाळेच्या वर्गात, कधी चर्चच्या खोलीत भरते. चर्च बघून मागं फिरू नका. खोली त्यांची असते, मीटिंग कुठल्याच धर्माची नसते.

आत काय होतं? साधारण तास-दीड तास बसायचं. फी नाही, जात विचारत नाहीत. अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. पहिल्या दिवशी गप्प बसलात तरी चालतं. शेवटी डबा फिरतो, नवख्यानं काही टाकलंच पाहिजे असं नाही. तिथं ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, कुणाचं नाव उघड करायचं नाही. म्हणून मीही नाव घेतलं नाही. बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांची, खुल्या मीटिंगला कुणीही बसावं. मी खुल्या मीटिंगला त्याच्या सोबत गेलो. एक गृहस्थ उठले, म्हणाले, "मी अल्कोहोलिक आहे," आणि बायकोचं मंगळसूत्र विकल्याचं सांगितलं. कुणी हसलं नाही. मला माझा मंडप आठवला.

तिथं जन्माची शपथ नाही. फक्त आज प्यायची नाही, उद्याचं उद्या. जुना सभासद नवख्याला हाताशी धरतो, त्याला स्पॉन्सर म्हणतात. तलफ आली की आधी त्याला फोन. देव मानतात, पण ज्याला जसा समजेल तसा. आमच्या गड्यानं आपला पांडुरंगच धरला.

एक धोका ध्यानात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्यानं वारीला निघायचं म्हणून एकदम बंद करू नये. हातपाय कापतात, भास होतात, फिट येते, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरला दाखवा, त्यांच्या सल्ल्यानं सोडा. वाटेत असं कुणाचं झालं, तर अंगात आलं म्हणू नका, ऊन लागलं म्हणून झाडाखाली निजवू नका. आधी वैद्यकीय पथकाकडं न्या आणि पीत होता हे खरं सांगा.

आणि मायबहिणींनो, तुमच्यासाठी 'अल-अ‍ॅनॉन' आहे. तो मीटिंगला गेला नाही तरी तुम्ही जा. त्याची दारू तुमच्या पापामुळं नाही, हे तिथं ऐकायला मिळेल.

आमचा गडी पुढंही एकदा घसरला. पण या वेळी लपला नाही, दुसऱ्या दिवशी मीटिंगला जाऊन बसला. पुढच्या सप्ताहात मी सर्वांसमोर माझी चूक कबूल केली. तेव्हाही नाव घेतलं नाही. यंदा वारीत टाळ घेऊन तो माझ्या पुढं चालत होता. मुक्काम पडला की आधी स्पॉन्सरला फोन, मग हरिपाठ. त्याला कुणी नावं ठेवली नाहीत.

तुमच्या घरात, आळीत असा कुणी असेल, तर त्याला नुसतं "जा" म्हणू नका. पहिल्या दिवशी दारापर्यंत सोबत जा.

रामकृष्ण हरी!