बोट रंगवता येते, मग चित्र का नाही?



१ जूनला बंदी लागली की बोटी वर ओढायच्या, शाकारायच्या, जाळी दुरुस्त करायची, इंजिन उघडायचं. आणि नारळी पौर्णिमेच्या आधी रंग. जुना रंग खरवडा, पॉलिश पेपर मारा, प्रायमर लावा, मग दोन हात. कडेचा पट्टा न हलता सरळ ओढायचा, नाळेवर नाव लिहायचं. हे सगळं आपण वर्षानुवर्षं करतो. पण कुणी म्हटलं, "नाखवा, एखादं चित्र काढा की," तर उत्तर ठरलेलं: "छ्या, आपल्याला कुठं येतंय!"

आमचं म्हणणं, येतं. फक्त सुरुवात कुठून करायची ते माहीत नसतं. ती सुरुवात हैदराबादेत बघायला मिळते.

हैदराबाद म्हटलं की आपल्याला आठवतं ते राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय विकास मंडळ. माशाच्या आकाराची ती इमारत फोटोत तरी सगळ्यांनी पाहिली असेल. कामाला गेलेली माणसं चारमिनार बघून, बिर्याणी खाऊन परत येतात. पुढच्या खेपेला अर्धा दिवस जास्त काढा. मुंबईहून हुसेनसागर एक्स्प्रेस जिथं सोडते त्या नामपल्ली स्टेशनपासून पब्लिक गार्डन जवळच आहे. तिथल्या सरकारी संग्रहालयात अजिंठ्याच्या चित्रांच्या हाताने काढलेल्या प्रती आहेत. बंद असायचा वार तेवढा आधी विचारून घ्या.

आपलं अजिंठा हैदराबादेत कसं? तेव्हा औरंगाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९१४ साली निजामाने पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. लेण्यांतली चित्रं झडत चालली होती. सय्यद अहमद आणि जलालुद्दीन या चित्रकारांनी ती बघून बघून, रेघेला रेघ जुळवून उतरवली. सय्यद अहमद त्याआधी १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम या इंग्रज बाईंसोबत तेच काम करत होते. नंदलाल बोससारखे पुढे मोठे झालेले चित्रकारही तेव्हा तिथं होते, अगदी तरुण वयात.

त्याच्याही आधी मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी ग्रिफिथ्स साहेबांबरोबर १८७२ ते १८८५ अजिंठ्याला जात. त्यांनी केलेल्या बऱ्याच प्रती लंडनला आगीत जळाल्या. त्यांच्या आधीच्या रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक प्रतीही १८६६ च्या आगीत गेल्या होत्या. दोनदा जळालं, तरी माणसं पुन्हा उतरवायला बसली.

यात आपल्यासाठी दोन गोष्टी आहेत. एक, बघून काढणं म्हणजे चोरी नाही, शिकायची ती पहिली पायरी आहे. दुसरी, मूळ वस्तू गेली तरी नीट उतरवलेली प्रत मागे राहते.

अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं एक गलबत रंगवलेलं आहे. साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचं. ते लाकूड कधीच कुजून गेलं असणार. पण शीड कसं होतं, सुकाणूचं वल्हं कुठं होतं, हे आपण आज सांगू शकतो, कारण कुणीतरी ते रंगवून ठेवलं.

आता आपल्या बंदराकडे बघा. लाकडी बोटी कमी होतायत, फायबरच्या वाढतायत. त्याला इलाज नाही, लाकूड आणि सुतार दोन्ही महाग. पण नाळ किती उचललेली असायची, फळी कशी वळायची, हे ज्यांच्या डोळ्यांत आहे ते तांडेल आता सत्तरीला आलेत. दर्यावर जाणं थांबलंय, दिवस ओट्यावर जातो. फोटोत बोट दिसते, पण कुठली फळी आधी बसते ते फोटो सांगत नाही. ते त्या हातांना माहीत आहे.

म्हणून सुरुवात आपल्याच बोटीपासून करा. दुकानात जायचीही गरज नाही:

• प्लायचा हातभर तुकडा घ्या. पॉलिश पेपर मारून प्रायमरचा एक हात द्या, पूर्ण सुकू द्या.
• बोटीच्या जुन्या फोटोवर पट्टीने सारखे चौकोन आखा. प्लायवर तेवढेच, पण मोठे चौकोन आखा. एका वेळी एकच चौकोन बघून पेन्सिलीने उतरवा. लहान चित्र मोठं करायची ही जुनी आणि सोपी रीत आहे.
• डब्यात उरलेला ऑईलपेंट वापरा. आधी आकाश-पाणी, मग बोट, शेवटी दोर आणि नाव. खालचा रंग सुकल्याशिवाय वरचा लावू नका.
• टर्पेंटाईनचं काम उघड्यावर, चुलीपासून आणि पोरांपासून लांब.
• पोरांना आणि ज्यांना वास सोसत नाही त्यांना चित्रकलेची वही आणि पाण्याचे रंग बरे.

हे फक्त पुरुषांचं काम नाही. पापलेटची चमक, बांगड्याच्या पाठीवरचे पट्टे, सुरमईचे ठिपके बाजारात बसणाऱ्या बायांइतके जवळून कोण बघतं? टोपलीतला एक मासा समोर ठेवा आणि काढा.

पहिलं चित्र वाकडं येईल. येऊ द्या. पहिल्या दिवशी विणलेलं जाळं कुणाचं सरळ आलं होतं?

पंढरपूरला जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरत होते. पुढे जगभर नाव झालं आणि याच हैदराबादेत त्यांनी 'सिनेमा घर' हे कलादालन उभं केलं. आपल्याला हुसेन व्हायचं नाही. आपल्या आजोबांची बोट नातवाला ओळखता आली, एवढं पुष्कळ.

काढलेल्या चित्रामागे बोटीचं नाव, बंदर, बांधणाऱ्या सुताराचं नाव आणि साल लिहून ठेवा. ज्यांना ते आठवतंय त्यांच्याजवळ या बंदीतच जाऊन बसा.