ग्राम आरोग्य कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण

गावातच राहणाऱ्या व गावाने निवडलेल्या व्यक्तीस प्राथमिक आरोग्यसेवेचे ज्ञान व कौशल्ये देण्याची पद्धती. वैद्यक वा परिचर्या यांच्या शिक्षणाहून ती दोन बाबतींत वेगळी आहे. येथे शिकणारी व्यक्ती आपला संसार व शेती न सोडता शिकते आणि तिचे शिक्षण प्रमाणपत्राबरोबर संपत नाही. काम चालू असेतोवर तेही चालू राहते. या पद्धतीचे जगभर अभ्यासले गेलेले उदाहरण अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथील आहे.

पार्श्वभूमी : भोर समितीने १९४६ मध्ये सादर केलेल्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्रांचा आराखडा मांडला. स्वातंत्र्यानंतर ही केंद्रे स्थापन झाली. परंतु डॉक्टर व परिचारिका प्रामुख्याने शहरांतच राहिल्या. अहमदनगर जिल्ह्यातही ही विषमता होती. श्रीगोंदे तालुक्यातील काष्टीसारखे बाजाराचे गाव दौंड–मनमाड लोहमार्गावर असल्याने तेथील रुग्णास मोठ्या गावी जाणे त्यामानाने सोपे होते. लोहमार्ग नसलेल्या जामखेड तालुक्यातील वाड्यावस्त्यांना ती सोय नव्हती. जुलाब, धनुर्वात, कुपोषण व प्रसूतीतील गुंतागुंत ही तेथील मृत्यूंची नेहमीची कारणे होती. त्यांपैकी बहुतेकांचा प्रतिबंध साध्या उपायांनी होण्याजोगा होता. उणीव होती ती हे उपाय घरोघर पोहोचविणाऱ्या माणसांची.

जामखेड प्रकल्प : रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) व मेबल आरोळे (१९३५–९९) या वेल्लोर येथे शिकलेल्या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रारंभी गावोगावी सहायक परिचारिका-प्रसाविका नेमण्याचा प्रयत्न झाला. तो फारसा यशस्वी ठरला नाही. बाहेरून आलेल्या तरुण परिचारिकेस खेड्यात एकटीने राहणे अवघड जाई आणि गावकऱ्यांनाही तिचा सल्ला परका वाटे. तेव्हा गावातीलच स्त्रियांना शिकवावे, असे ठरले. निवडल्या गेलेल्या स्त्रिया बहुधा मध्यमवयीन, विवाहित वा विधवा होत्या. अनेकींना अक्षरओळख नव्हती आणि काही दलित समाजातील होत्या.

शिक्षणपद्धती : या स्त्रिया ठराविक दिवशी जामखेडच्या केंद्रात येत, तेथेच मुक्काम करीत व पुन्हा गावी जात. निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांनी एका पंक्तीस जेवणे व एकत्र झोपणे हा प्रशिक्षणाचाच भाग होता. कारण अस्पृश्यता मानणारी कार्यकर्ती गावातील प्रत्येक घरी जाऊ शकत नाही. पाठ्यपुस्तकाऐवजी चित्रे, गाणी, प्रात्यक्षिके व चर्चा यांवर भर असे. एका वेळी थोडेच शिकवावयाचे, ते गावात करून पाहावयाचे आणि पुढील बैठकीत आलेल्या अडचणी मांडावयाच्या, असा क्रम होता. उदा., जुलाब झालेल्या मुलासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे प्रमाण शिकविणे सोपे आहे. ते आईच्या हातून तिच्याच घरातील भांड्यात बिनचूक करवून घेणे, हे खरे कौशल्य होय. गरोदर स्त्रीची तपासणी, निर्जंतुक साधनांनी प्रसूती, बालकांचे वजन, क्षय व कुष्ठरोग यांची लक्षणे ओळखणे आणि रुग्णास केव्हा रुग्णालयात पाठवावे याचा निर्णय, हे विषय क्रमाने येत. डॉक्टर, परिचारिका व समाजसेवक यांचे फिरते पथक गावांना भेटी देई. कार्यकर्तीच्या कामाची तपासणी करणे एवढाच त्याचा हेतू नसे; तिच्या शब्दाला गावात वजन यावे, हाही असे.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार त्याच्या क्षेत्रातील अर्भकमृत्यूचे प्रमाण १९७१ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ होते. ते १९७६ मध्ये ५२ वर आले. याचे सर्व श्रेय प्रशिक्षणास देता येणार नाही. पिण्याच्या पाण्यासाठी विंधनविहिरी, पूरक आहार, तरुण शेतकरी मंडळे व महिला मंडळे यांचाही त्यात वाटा होता. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रामॉन मागसायसाय पुरस्कार लाभला.

विस्तार : श्रीवास्तव समितीने १९७५ मध्ये समाजातूनच आरोग्य कार्यकर्ते घेण्याची शिफारस केली आणि २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र शासनाची तशी योजना सुरू झाली. आल्मा-आता येथील १९७८ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचे तत्त्व जगभर मान्य करविले. तथापि शासकीय योजनेत सुरुवातीस बहुतांशी पुरुषांची निवड झाली आणि तीन महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर त्यांना नियमित मार्गदर्शन मिळाले नाही. योजनेचा प्रभाव ओसरण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली व गावातील स्त्रियांना घरोघर नवजात अर्भकांची काळजी घेण्यास शिकविले. न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजावे लागतात. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नाहीत, त्यांच्यासाठी मणी व एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेला श्वासमापक तेथे तयार करण्यात आला. शिकणाऱ्यास साधनाजोगे घडविण्याऐवजी साधन शिकणाऱ्याजोगे करण्याचे हे उत्तम उदाहरण आहे. या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये घरगुती नवजात अर्भकसेवा राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट झाली.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ मध्ये ‘आशा’ कार्यकर्तीची योजना आणली. साधारणतः हजार लोकवस्तीमागे एक स्त्री, शालेय शिक्षणाची अट, टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण व मुख्यतः कामानुसार मोबदला, असे तिचे स्वरूप आहे. तिच्यावरील कामे व नोंदवह्या उत्तरोत्तर वाढत गेल्या. ज्या कामाचा मोबदला ठरलेला असतो, त्याकडे लक्ष साहजिकच अधिक जाते. कुपोषित मुलाच्या आईची समजूत घालण्यासारखे वेळखाऊ काम त्यात मागे पडण्याचा धोका असतो. अशिक्षित स्त्रीही आरोग्याचे शास्त्र आत्मसात करू शकते, हे जामखेडने दाखविले. परंतु त्यासाठी गावाचा विश्वास, चुका मांडता येतील अशी नियमित बैठक आणि अडचणीच्या वेळी पाठीशी उभे राहणारे रुग्णालय या तिन्ही गोष्टी आवश्यक असतात. त्यांतील एक जरी तुटली, तरी प्रशिक्षण कागदावर उरते.