ठिपक्याचा ताप

शेतपंपाचा स्टार्टर उघडला की मेकॅनिक सांगतो, ‘पॉइंट जळालेत.’ काळे पडलेले पॉइंट कोणालाही दिसतात. पण जळण्याच्या क्षणी तिथे ताप किती चढला होता, हे कसं कळायचं?

धातूचे दोन तुकडे कितीही घासूनपुसून एकमेकांवर दाबले, तरी ते खरे टेकतात मोजक्या उंचवट्यांवर. सगळा विद्युतप्रवाह तेवढ्याच ठिपक्यांतून जातो, जत्रेची गर्दी गावच्या वेशीतून जावी तसा. तिथे उष्णता निर्माण होते. ठिपका अतिसूक्ष्म आणि दोन्हीकडून धातूने झाकलेला. तापमापक घालायला जागाच नाही.

त्याची गरजही पडत नाही. धातूत वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉनच बहुतेक उष्णताही वाहून नेतात. त्यामुळे ठिपक्यातली उष्णता विजेच्याच वाटेने बाहेर पडते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश कोलराउश यांनी १९०० साली यातून एक नातं मांडलं: ठिपक्याचं कमाल तापमान त्याच्या आकारावर ठरत नाही, ते दोन बाजूंमधल्या व्होल्टेजवर ठरतं. खोलीच्या तापमानापासून सुरुवात केली तर ०.१ व्होल्टला ते १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातं, ०.४३ व्होल्टला तांबं वितळतं. ठिपका केवढा आहे हे ठाऊक नसतानाही तो किती तापलाय हे सांगता यावं, याहून देखणं या विषयात मला काही दिसत नाही.

मोजणी साधी असते. दोन तारांनी प्रवाह द्यायचा, वेगळ्या दोन तारांनी व्होल्टेज वाचायचं, म्हणजे जोडतारांचा रोध हिशेबात घुसत नाही. मग प्रवाह हळूहळू वाढवत न्यायचा. स्वीडिश शास्त्रज्ञ राग्नार होल्म (१८७९–१९७०) यांनी विद्युत संपर्कांच्या अभ्यासाला शिस्त लावली ती अशाच आलेखांतून. तांब्याचा रोध आधी तापमानाबरोबर किंचित चढतो. ०.१२ व्होल्टच्या आसपास तो घसरतो, कारण ठोकून-घासून कडक झालेला धातू तिथे मऊ पडतो आणि ठिपका पसरतो. (धातूच्या या मऊ पडण्याला पुनर्स्फटिकीकरण म्हणतात.) वितळताना घसरण पुन्हा होते. दोन्ही खुणा एकेरी आहेत: प्रवाह कमी केला तरी पसरलेला ठिपका पहिल्यासारखा होत नाही.

चुंबकत्वाचं अवस्थांतर मात्र परतीचं असतं, आणि ते पकडणं अधिक नाजूक. निकेल ३५८ अंशांना, लोखंड ७७० अंशांना आपलं चुंबकत्व गमावतं. तिथे आकार बदलत नाही, काही वितळत नाही. फक्त रोध वाढण्याची चाल बदलते. ही बदललेली चाल टिपण्याची वाट युक्रेनमधल्या खार्किवच्या निम्नतापमान संस्थेतून गेली. तिथे इगोर यानसन यांनी १९७४ मध्ये सूक्ष्म संपर्कांच्या वर्णपटशास्त्राचा पाया घातला. बिघडलेले, आतून शॉर्ट झालेले पातळ थरांचे जोड इतरांनी टाकून दिले असते. यानसन यांनी त्यांतच धातूची कंपनं वाचली. पुढे १९७९ च्या सुमारास त्याच संस्थेतले वेर्किन, यानसन आणि सहकाऱ्यांनी निकेल, लोखंड, कोबाल्ट यांचे संपर्क द्रव हेलियमच्या थंडीत तपासले. आजूबाजूचा धातू उणे २६९ अंशांवर, आणि मधला नखाएवढाही नसलेला ठिपका चुंबकत्व गमावण्याच्या, म्हणजे क्यूरी, तापमानाला! कोलराउशच्या नात्यानुसार निकेलसाठी ही जागा ०.२ व्होल्टच्या जवळ यायला हवी, लोखंडासाठी ०.३३ च्या. तिथेच आलेखात वाकण दिसली.

ही वाकण साध्या मीटरवर सहज उमटत नाही. मुख्य प्रवाहात अगदी लहान प्रत्यावर्ती प्रवाह मिसळतात आणि दुप्पट वारंवारितेचा प्रतिसाद निराळा काढतात. मग चालीतला बारीक बदलही ठळक होतो.

पद्धतीच्या अटी कडक आहेत. मध्ये ऑक्साइडचा पापुद्रा असेल, तर उष्णतेची आणि विजेची वाट एक राहत नाही आणि गणित कोसळतं. ठिपका फारच लहान असेल, तर इलेक्ट्रॉन कुठेही न अडखळता पार होतात. ते आपली ऊर्जा ठिपक्यात टाकतच नाहीत, म्हणून तो व्होल्टेजच्या हिशेबाने तापत नाही. यानसन यांना कंपनं दिसली ती याच दुसऱ्या टोकाला. म्हणजे एकाच उपकरणावर, ठिपक्याच्या मापानुसार, कधी तापमापक मिळतो तर कधी वर्णपटमापक. मोजणाऱ्याला आपण कोणत्या टोकाला आहोत हे आधी ठरवावं लागतं, आणि माझ्या मते खरं कसब तिथेच आहे.

कनेक्टर तपासणारे अभियंते याच ज्ञानाचा उलटा उपयोग करतात. संपर्काचा रोध जसा आहे तसा मोजायचा, तर व्होल्टेज २० मिलिव्होल्टच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, असा दंडक आहे. नाहीतर पापुद्रा फुटतो, धातू मऊ पडतो, आणि मोजणीनेच संपर्क सुधारून बसतो.